प्लास्टिक न काढलेली खुर्ची

८ सप्टेंबर, सोमवार
मूड: छान. जेवण: पोटभर. झोप: कमी. शी: झाली.

ही वही माझ्या लेकीच्या, सोदामच्या पाळणाघराची आहे. तिथल्या बाईंनी चुकून दोन दिल्या. पहिलीत मी रोज लिहून पाठवायचं, पोर काय जेवली, कशी झोपली, शी झाली का. दुसरी कोरीच राहिली, म्हटलं आपणच भरू. रकाने छापलेलेच आहेत. माझी शी कोण विचारतंय, म्हणून स्वतःच लिहिली आणि एकटीच हसत बसले.

आज मार्टात कामाला लागले. नववीत शाळा सुटलेल्या बाईला एवढं चकाचक काम मिळेल असं वाटलं नव्हतं. आत शिरलं की एक अख्खी भिंत नुसत्या रामेन नूडल्सच्या पाकिटांची. सगळं इतकं स्वस्त की लोक दोन-दोन ढकलगाड्या भरतात. आम्हाला पिवळा एप्रन, गळ्याला रुमाल. दुपारी जेवण फुकट, आज सोयाबीनचं सूप आणि अंडं होतं. मोक्पोहून इथे आल्यापासून मी इतक्या माणसांत बसून जेवलेच नव्हते. नवरा, तेगुन, तिकडे गोजेला असतो, जहाजाच्या कारखान्यात. पंधरा दिवसांनी एकदा येतो आणि झोपून काढतो.

प्यो साहेबांनी सकाळी शिकवलं. ते आमचे टीमलीडर. माझ्याहून फार मोठे नसतील, पण सगळ्यांना अहो-जाहो करतात. दोन्ही हात बेंबीवर ठेवायचे, कमरेत वाकायचं, मग हसून स्वागत म्हणायचं. पावती दोन्ही हातांनी द्यायची. हे बेंबीवरचं वाकणं सोदामला पाळणाघरात शिकवलंय. घरी येऊन दोघी आरशासमोर वाकलो. तिचं माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

मला सात नंबरचा काउंटर दिलाय. मागे नवी कोरी खुर्ची आहे, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार
मूड: बरा. जेवण: अर्धं. झोप: पोटऱ्या दुखत होत्या. शी: वेळ कुठे.

आठ नंबरवर गेसुनताई असते. पन्नाशीची आहे, तोंडाने फटकळ. मी आज खुर्चीवर टेकणार तेवढ्यात तिने माझ्या एप्रनची गाठच धरली. म्हणाली, "ती बसायची नाही गं पोरी, दाखवायची आहे. सासूने दिलेल्या काचेच्या बशा वापरतेस का तू?"

तिने सांगितलं की मागे कामगार खात्याची माणसं येऊन गेली, त्यानंतर सगळ्या काउंटरना खुर्च्या आल्या. फोटो निघाले. तेव्हापासून कोणी बसलेलं नाही. बसू नका असं कोणी म्हणत पण नाही. मी धीर करून प्यो साहेबांना विचारलं. ते छान हसले. म्हणाले, "आम्ही कधी नाही म्हटलंय का, बोराम बाई? खुशाल बसा. फक्त गिऱ्हाईक बघत असतं, एवढं लक्षात ठेवा."

गिऱ्हाईक म्हणजे काय ते पण ताईने सांगितलं. कंपनी खोटी गिऱ्हाइकं पाठवते. साधीच माणसं दिसतात, दूध-कांदे घेतात आणि बाहेर जाऊन आपल्याला मार्क देतात. वाकली का, हसली का, बसली का. ती कोण, कधी येणार, प्यो साहेबांनाही माहीत नसतं म्हणे. मला नाही खरं वाटत. त्यांना माहीत असणार.

लघवीला जायचं तर घंटी दाबून बदली बाईची वाट बघायची. म्हणून सकाळपासून पाणी प्यायचंच नाही, ताई म्हणते. घरी जाताना पिशवी तपासतात. पिशवी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची लागते. आज दारात सगळ्यांनी माझी जादाची चड्डी पाहिली.

१३ सप्टेंबर, शनिवार
मूड: माहीत नाही. जेवण: वास सहन झाला नाही. झोप: बरी. शी: नाही.

आज एक आलं. खोटं गिऱ्हाईक. मी पैजेवर सांगते.

बाई तिशीची असेल. पाठीला मूल बांधायची रजईची झोळी, पुढे गाठ मारलेली, पण पाठीवर मूल नाही. मला वाटलं पोर ढकलगाडीत असेल, तर तिच्याकडे गाडीच नाही. पट्ट्यावर एकच वस्तू ठेवली, वाळलेल्या समुद्रशेवाळाचं पाकीट. बाळंतिणीला सूप करून घालतो ते. मी वाकले, हसले, सगळं केलं. मशीनवर पाकीट फिरवलं. पैसे द्यायच्या वेळी ती माझ्या पायांकडे बघत राहिली. खरं म्हणजे काउंटरच्या पलीकडून माझे पाय दिसत नाहीत.

म्हणाली, "बस ना गं. पाय सुजलेत."

मी म्हटलं नाही, मी ठीक आहे, धन्यवाद. तशी ती पाकीट तिथेच टाकून गेली. मग मला ते रद्द करावं लागलं. रद्द केलं की मशीनमध्ये माझं नाव लागतं.

मला बसवून बघत होती. मी बसले नाही. मार्क कापायला जागाच ठेवली नाही मी.

१५ सप्टेंबर, सोमवार
मूड: चिडचिड. जेवण: नुसता भात पाण्यात. झोप: बरी. शी: झाली.

काल महिन्यातला दुसरा रविवार, मार्टाला सुट्टी. सोदामला घेऊन दिवसभर लोळले. पाय उशीवर ठेवून पण बोटाने दाबलं की खड्डा पडतो.

आज परत तीच बाई, तीच झोळी, तेच शेवाळ. परत म्हणाली बस. एवढ्या मायेने म्हणाली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच मला राग आला. तेगुनसुद्धा असं विचारत नाही. कंपनीची माणसं बरोबर जागा शोधून बोट ठेवतात. पाकीट परत टाकून गेली. परत रद्द.

तिच्या मागे रांगेत एक आजोबा होते. ती अजून उभीच होती तरी त्यांनी आपलं सामान पट्ट्यावर ठेवायला घेतलं. उद्धट म्हातारा.

१८ सप्टेंबर, गुरुवार
मूड: वाईट. जेवण: —. झोप: कमी. शी: —.

प्यो साहेबांनी आत बोलावलं. सात नंबरवर शेवाळाचं पाकीट रोज रद्द का होतंय, विचारलं. आवाज चढवला नाही. मी त्या बाईचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की पुढच्या महिन्यातल्या सुगीच्या सणानंतर ठेकेदार आठ नंबर आणि सात नंबर मिळून एकीलाच ठेवणार आहे, तर जरा जपून. आम्ही मार्टाचे नाही, ठेकेदाराचे आहोत, हे मला आज कळलं.

जेवताना गेसुनताईला विचारलं, ती झोळीवाली कोण. ताईचा घास हातातच राहिला. मग म्हणाली तुझ्या काउंटरवर अशी कोणी येत नाही, मी शेजारीच असते.

बघितलंच नाही म्हणते. रोज हातभर अंतरावरून. आणि सात-आठमधून एकीलाच ठेवणार, हे तिला आधीपासून माहीत असणार. त्या दिवशी एवढं आपणहून सांगत बसली तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार
मूड: —. जेवण: उलटी. झोप: —. शी: —.

दोन गोष्टी झाल्या.

दारात पिशवी तपासताना आतून शेवाळाचं पाकीट निघालं. आरपार पिशवीत, सगळ्यांच्या देखत. मी घातलं नाही. पिशवी दिवसभर कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं. शेजारचं कपाट ताईचं आहे. रखवालदाराने पाकीट काढून घेतलं, नाव लिहून घेतलं. ताई मागेच उभी होती. पाकिटाकडे बघून ती पांढरीफटक पडली आणि सगळ्यांसमोर तिने विचारलं, तुला दिवस तर गेले नाहीत ना.

मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय.

येताना औषधाच्या दुकानातून काडी आणली. दोन रेघा. पाळी तीन महिने आली नव्हती, मला वाटलं गाव बदललं, दगदग झाली. सोदामच्या वेळी पण असंच उशिरा कळलं होतं. आता हात लावला की लागतं, बेंबीच्या खाली, मुठीएवढं घट्ट.

सोदाम झोपलीय. तिला भाऊ हवाय, रोज म्हणते. मला पण हवंय हे बाळ. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी वेगळं म्हणायला नको.

मार्टात सांगायचं नाही. सणापर्यंत अजिबात नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार
मूड: भीती.

प्यो साहेबांनी कॅमेऱ्यातलं दाखवलं. मी सात नंबरवर. मी वाकते, बेंबीवर हात. समोर कोणी नाही. मी हसते, बोलते, मान हलवते. पट्ट्यावर शेवाळाचं पाकीट आहे, ते कोणी ठेवलं ते दिसत नाही. मग आजोबा येतात, तिच्या जागेतूनच आरपार येतात, आणि कांदे ठेवतात.

त्यांनी पाणी दिलं. विचारलं, तब्येतीचं काही कळवायचंय का. कळवलं तर कंपनी योग्य ते करेल, नाही कळवलं तर कंपनीला माहीत नव्हतं असं होईल. हे ते पाठ केल्यासारखं बोलले. मी म्हटलं काही नाही.

ताईने बाहेर गाठलं. हाताला धरून सामानाच्या खोलीत नेलं आणि सांगितलं. सात नंबरवर योन्सिल नावाची होती. पोट पट्ट्याने बांधून उभी राहायची, कारण तेव्हाही सणानंतर कोणाला ठेवायचं ते ठरणार होतं. सणाच्या गर्दीत काउंटरवरच अंगावरून जायला लागलं. रांग संपेपर्यंत उभी राहिली. मूलही गेलं आणि तीही गेली. कंपनी म्हणाली तिने कळवलंच नव्हतं, आणि ती आमची नव्हतीच, ठेकेदाराची होती. ठेकेदार म्हणाला जागा मार्टाची. मग खुर्च्या आल्या.

ताई म्हणाली, तिने घरी सूप करायला शेवाळ आधीच घेऊन ठेवलं होतं. कपाटातच राहिलं.

आणि तुझ्या आधी एक पोरगी होती, ती पण झोळीवालीचं विचारायची. तिलाही दिवस गेले होते. "ती बसली," ताई म्हणाली. "भर गर्दीत, प्लास्टिकसकट. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलं. पण पोरगा झाला तिला, गुबगुबीत. बस तू पण."

मी ऐकून घेतलं. रडले पण. बसमध्ये बसल्यावर डोकं चालायला लागलं. मी बसले की मला काढणार. मग कोणाला ठेवणार. आठ नंबरला.

२७ सप्टेंबर, शनिवार
मूड: —

ती आज तीनदा आली. मी वाकले नाही. खाली बघत राहिले. तिची बोटं दिसतात, नखांत पिवळं काहीतरी. ती नाही आहे, हे मला माहीत आहे. पण बस म्हणते तेव्हा गुडघे आपोआप वाकतात. मी काउंटरची कड धरून ठेवते.

कॅमेऱ्यातलं चित्र बदलता येतं, असं तेगुन फोनवर म्हणाला. आजकाल काहीही करतात म्हणे. ताई आणि प्यो साहेब दोघे मिळून — मला घाबरवून आपणहून सोडायला लावायचं, म्हणजे काढल्याचं कोणावर येत नाही. तेगुनला बाळाचं सांगितलं नाही. सांगणार होते. तो म्हणाला बाई, अजून थोडं रेट, सणाला दोघांचे पैसे मिळून काहीतरी होईल.

रेटते.

३० सप्टेंबर, मंगळवार

पोटाला पट्टा बांधला. सोदामची जुनी झोळी होती तिचाच पट्टा. आरशात पाहिलं आणि लगेच सोडला. मग परत बांधला. एप्रनमधून दिसायला लागलंय, काय करू.

सोदामने विचारलं आई, तुझ्या मागे कोण वाकतंय.

मागे कोणी नव्हतं. आरसा होता. आरशात मी असेन. मीच असणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार

थोडं रक्त. थोडंच. सोदामच्या वेळी पण एकदा झालं होतं.

सकाळी प्यो साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, शनिवारी खोटं गिऱ्हाईक नक्की येणार, वरून कळलंय. शनिवारचे मार्क शेवटचे.

ताईने माझ्या एप्रनच्या खिशात चिकट भाताचा लाडू घातला. मी तो टाकून दिला. काय घातलं असेल कोणास ठाऊक. नंतर कचऱ्याच्या डब्यात पाहिला, नुसता लाडू होता, तिळाचा. भूक लागली होती मला.

४ ऑक्टोबर, शनिवार

सामानाच्या खोलीत आहे. खोके चारी बाजूंनी. वही आज एप्रनच्या खिशातच होती, पेनपण.

लिहिलं नाही तर बेशुद्ध होईन असं वाटतं. म्हणून लिहिते.

सकाळपासून रांग दारापर्यंत. भेटीचे डबे, नाशपाती, गर्दी. ती पहिल्यापासूनच उभी. रांगेत नाही, खुर्चीच्या मागे, माझ्या बाजूला. शेवाळ नव्हतं आज. कानात म्हणत होती आता तरी बस, आता तरी. पोटात कळ आली. खुर्ची इथे, हातभर. एक करड्या कोटाची बाई माझ्याकडे बघत होती, ढकलगाडीत फक्त दूध आणि कांदे — मला वाटलं हीच ती. हीच मार्क देणारी. मी बसले नाही. बेंबीवर हात ठेवून वाकले. वाकले तेव्हा आत काहीतरी —

करड्या कोटाची बाई ओरडली. अहो त्यांना धरा कोणीतरी, खाली बघा. ती साधं गिऱ्हाईकच होती.

ताईने आणलं इथे. सात नंबरची खुर्ची ओढत आणली, प्लास्टिक फाडलं, बसवलं. खुर्ची गरम आहे. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

ताई रडत होती. मी विचारलं, तुम्ही कचऱ्याच्या डब्यातला लाडू पाहिलात का. ती म्हणाली गप गं पोरी. अँब्युलन्ससाठी धावत गेली.

दाराबाहेर प्यो साहेब बोलत होते. मागच्या दाराने बोलवा. पुढून नको, गर्दी आहे. आणि विचारत होते, तिने कळवलं होतं का, कोणाला तरी कळवलं होतं का.

दार बाहेरून लावलंय. गिऱ्हाईक चुकून शिरू नये म्हणून, म्हणाले.

ताईला यायला का वेळ लागतोय —

अजून आहे. बाळ. मला कळतंय. मुठीएवढं, घट्ट. धरून ठेवलं तर राहील.

कळ.

ती आली. दार उघडलं नाही.

चेहरा थकलेला आहे तिचा. आमच्यासारखाच. ती म्हणाली, "रोज सांगत होते ना गं."

हो. सांगत होती. मी मार्क —

झोळीची गाठ सोडतेय. पसरून दाखवतेय, आत रिकामी, रजईवर बदकं आहेत. दोन्ही हात पुढे केलेत. पावती घ्यायला करतात तसे.

"दे. मी पाठीला बांधते. तू कामाला जा."

नाही

नाही देणार

एका हाताने लिहितेय, एका हाताने धरलंय. एक हात पुरत नाही. गेसुनताई, सोदामला पाळणाघरातून — तिचं लाल जाकीट खुंटीवर राहतं नेहमी, विसरू नका — माझं चुकलं, लाडू —

जवळ आली. वाकली माझ्यासमोर, बेंबीवर हात ठेवून, जसं शिकवतात

पेन ठेवते. दोन्ही हात लागतील. दोन्ही, पोटाव